गोळी घरपोच, जबाबदारी बेपत्ता!

दिवाळी सरते न सरते तोच शिरूर कासार तालुक्यातील गावे ओस पडू लागतात. मुकादमाची उचल घेतलेले कोयते पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या फडांकडे निघतात. तेथे कोपीत तापाने फणफणलेल्या बाईला गावचा डॉक्टर लाभत नाही आणि परगावचा परवडत नाही. अशा बाईसाठी २०१९ मध्ये सुरू झालेली केंद्राची ई-संजीवनी सेवा ही चैन नव्हे, तिचे स्वागतच करावयास हवे.

परंतु सल्ला वेगळा आणि औषधविक्री वेगळी. दूरस्थ सल्ला देणाऱ्या डॉक्टरला मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोंदणी क्रमांक दाखवावा लागतो. घरपोच पुडके पाठविणाऱ्याचे काय? चिठ्ठीवरील औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिले जावे, असे १९४० च्या कायद्याखालील नियम सांगतात. ऑनलाइन विक्रीसाठी केंद्राने ऑगस्ट २०१८ मध्ये नियमांचा मसुदा काढला. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाइन विक्री रोखण्याचा आदेश दिला. विक्री चालूच राहिली! नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याच न्यायालयाला धोरण ठरविण्यासाठी आठ आठवड्यांची ‘शेवटची संधी’ द्यावी लागली. या दिरंगाईला काय म्हणावे?

बीडला ही दिरंगाई परवडणारी नाही. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील हजार मुलांमागे येथे अवघ्या ८०७ मुली होत्या. राज्यात सर्वांत कमी. गर्भपाताच्या गोळ्या पहिल्या नऊ आठवड्यांपुरत्या आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली घ्यावयाच्या असतात. सोनोग्राफीत गर्भाचे लिंग कळते ते त्यानंतर. म्हणजे चोरून लिंग तपासून मग गोळी गिळणारी स्त्री मुलीबरोबर स्वतःचाही जीव पणाला लावते. एप्रिल २०२२ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने याच गोळ्या ऑनलाइन मागवून पाहिल्या. त्या चिठ्ठीविना आल्या आणि मुंबईत गुन्हा नोंदवावा लागला. मोठ्या शहरात निदान कोणी तपासले. फडावरच्या कोपीत कोण तपासणार?

ऑक्टोबर २०१५ पासून याच मुद्द्यावर देशव्यापी बंद पुकारणाऱ्या औषधविक्रेत्यांनीही सोवळे मिरवू नये. भिंतीवर प्रमाणपत्र एकाचे आणि गल्ल्यावर दुसराच, हे दृश्य कोणत्या तालुक्याला अपरिचित आहे? तरीही त्या दुकानदाराची मान पकडता येते, कारण तो उद्याही त्याच पेठेत बसलेला असतो.

म्हणून गर्भपाताच्या गोळ्या ऑनलाइन विक्रीतून पूर्णतः वगळाव्यात. प्रत्येक पुडक्यावर औषध देणाऱ्या फार्मासिस्टचे नाव, नोंदणी क्रमांक आणि मराठीत बोलता येईल असा दूरध्वनी छापलेला असावा. एवढे करण्यास केंद्राला आणखी किती आठवडे हवेत?