घराला सूट हवी, पण आवार किती?

राहते घर विकून झालेल्या नफ्यातून ठरावीक मुदतीत दुसरे घर घेतले, तर त्या नफ्यावर आयकर लागत नाही. 1961 च्या आयकर कायद्यातल्या कलम 54 मधली ही सवलत नव्या आयकर कायद्यानेही कायम ठेवली आहे, आणि ती रास्तच आहे. संसार एका छपराखालून दुसऱ्या छपराखाली जातो, तेव्हा त्यातून कोणी श्रीमंत होत नाही. प्रश्न आहे तो घराभोवतीच्या जमिनीचा. कायदा घराबरोबर त्याला ‘संलग्न’ जमीनही धरतो. संलग्न म्हणजे किती, हे मात्र सांगत नाही. दोन खोल्यांचे कौलारू घर एकरभर आवारात उभे असेल, तर अख्खा एकर घरात मोजायचा का? याचे उत्तर दर वेळी वस्तुस्थिती पाहून शोधावे लागते, म्हणजे अधिकारी आणि करदाता यांच्यात वाद ठरलेलाच. ही मर्यादा कायद्यातच चौरस मीटरमध्ये लिहिली पाहिजे.

हा केवळ शब्दांचा कीस नाही. मोकळा भूखंड विकून घर घेणाऱ्याला कलम 54 मिळत नाही, त्याला कलम 54 एफच्या कडक अटी लागू होतात. समजा, जमीन 6 कोटींना गेली आणि नफा 5 कोटींचा झाला. तिच्यावर घर असेल, तर पूर्ण सूट मिळवायला 5 कोटी नव्या घरात घातले की पुरे. जमीन मोकळी असेल, तर खर्च वजा जाता हाती आलेली सगळी रक्कम घालावी लागते, शिवाय विक्रीच्या दिवशी नावावर एकाहून अधिक घरे असून चालत नाही. जमीन तीच, भाव तोच. फरक फक्त एका जुन्या घराचा. शहरात अशा व्यवहारात किंमत मिळते ती जमिनीची. घेणारा बांधकाम व्यावसायिक असेल, तर घर तो पाडणारच असतो. सवलत घराच्या नावाने निघते आणि पोहोचते भूखंडाला.

क्षेत्रफळाची मर्यादा आपल्याला नवी नाही. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मोकळ्या जमिनीला मुंबईत 500, तर पुण्यात 1000 चौरस मीटरची मर्यादा घातली होती. महाराष्ट्राने तो कायदा 2007 मध्ये रद्द केला. पुढे रद्द झालेल्या संपत्ती करातही भूखंडाला सूट होती ती 500 चौरस मीटरपर्यंतच. ब्रिटनमध्ये राहत्या घराच्या विक्रीवरील सूट साधारणपणे अर्ध्या हेक्टरपर्यंत मिळते, ऑस्ट्रेलियात दोन हेक्टरपर्यंत. मुंबई महापालिकेने मालमत्ता करात माफी दिली तीही 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना. लहान घराची फूटपट्टीने मोजणी होते, मग मोठ्या आवाराचीच का होऊ नये?

1 एप्रिल 2023 पासून या सवलतीला 10 कोटींची मर्यादा आहेच, मग आणखी अट कशाला, असे विचारले जाईल. पण ती मर्यादा पैशांची आहे; घराचा नफा कोणता आणि जमिनीचा कोणता, हे ती सांगत नाही. कोकणातल्या वाडीतल्या घराचे काय, हा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. मात्र ग्रामीण शेतजमिनीची विक्री भांडवली नफ्याच्या कराबाहेरच आहे, तिला या मर्यादेची झळ लागणार नाही. विहीर, गोठा किंवा जाण्यायेण्याची वाट यांसाठी खरोखरच जास्त जमीन लागत असेल, तर ब्रिटनप्रमाणे अपवाद ठेवता येईल. तो सिद्ध करण्याचा भार मालकावर असावा. मोठी आवारे शहराची फुप्फुसे आहेत, हेही खरे. पण ही सवलत झाडे राखणाऱ्याला मिळत नाही, जमीन विकणाऱ्याला मिळते. हिरवाई वाचवायची असेल, तर ती न विकणाऱ्याला मालमत्ता करात सूट द्यावी.

म्हणून शहरी भागात घरासह 1000 चौरस मीटर, म्हणजे जवळपास दहा गुंठे, एवढ्या जागेला कलम 54 ची सूट द्यावी आणि त्यापुढच्या जमिनीला मोकळ्या भूखंडाचे नियम लावावेत. दहा गुंठ्यांत घर, अंगण, परसबाग आणि विहीर सहज मावते. त्यात जे मावत नाही, त्याला सरकारने घर म्हणू नये.