नावात काहीही चालते

युनिक्समध्ये फाइलच्या नावात दोनच गोष्टी चालत नाहीत: स्लॅश आणि शून्य बाइट. बाकी स्पेस, उद्गारचिन्ह, टॅब, अगदी एन्टर दाबून पाडलेली नवी ओळसुद्धा कर्नल मुकाट्याने घेतो. बारसे फुकट, निस्तरणे मात्र पुसणाऱ्याच्या माथी.

समजा, फोल्डरात '-आरएफ' नावाची फाइल पडली आहे. फाइली पुसणाऱ्या 'आरएम'ला ते नाव दिले, तर तो ते नाव मानतच नाही, हुकुमाचा भाग समजतो. कुणी वैतागून 'आरएम स्टार' मारतो. आता शेल आधी स्टारच्या जागी सगळी नावे मांडतो आणि मगच आरएमला हाक मारतो. त्या यादीतले '-आरएफ' म्हणजे उपफोल्डरांसकट सगळे, न विचारता पुसण्याची परवानगी. फोल्डर साफ होतो आणि जिच्यासाठी हा खटाटोप, ती फाइल तेवढी शिल्लक राहते!

नावापुढे डॉट-स्लॅश किंवा त्याआधी सुटे दोन डॅश लावले की काम होते. नाव टाइपच करता येत नसेल, तर 'एलएस -आय'ने आयनोड क्रमांक काढून 'फाइंड'च्या हवाली करावा. हे तोडगे जाणकारांना पाठ असतात, आणि दुखणे नेमके तेच आहे. नाव आणि हुकूम एकाच ओळीत, एकाच वेषात पाठवणारी रचना मूळची सदोष; ती सांभाळण्याचे कसब म्हणजे विद्वत्ता नव्हे.

नव्या फाइलच्या नावात नवी ओळ येऊ देऊ नका, असे पॉसिक्स मानक 2024 साली सुचवू लागले. तीही नुसती शिफारस. युनिक्सचा जन्म 1969 चा! टॅबसकट सगळी नियंत्रण-चिन्हे कर्नलनेच दारात अडवावीत.

पण सोवळे तिथेच थांबावे. त्याच मानकातला, कुठेही चालतील अशा चिन्हांचा संच 65 चिन्हांचा आहे: रोमन अक्षरे, अंक, टिंब, डॅश, अंडरस्कोर. नावे तेवढ्यातच ठेवा म्हणणाऱ्यांच्या जगात 'दुसऱ्या सहामाहीचा हिशेब' या नावाची फाइल जन्मालाच येणार नाही. यातला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो: कधी वेगळ्या 'ऱ'ने, कधी साध्या 'र'ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. एकाच फोल्डरात हुबेहूब दिसणाऱ्या दोन फाइली राहू शकतात. ती कटकट आम्ही सोसू.