परिषद कापसाची, खुर्ची कोणाची?



बेशापासून पांजरीची केंद्रीय कापूस संशोधन संस्था सायकलने जाण्याच्या अंतरावर आहे. बेशाच्या रानात आता प्लॉट पडले, पण नागपूरला १९७६ साली आलेली ही संस्था आजही काम करते आहे. मग २०११ साली जागतिक कापूस संशोधन परिषद भारतात आली, ती भरली कुठे? मुंबईत, पवईच्या पंचतारांकित हॉटेलात. ब्रिस्बेन, अथेन्स, केपटाऊन आणि टेक्सासमधले लबक यांच्यानंतरची ही पाचवी. ब्रीदवाक्य 'समृद्धीसाठी तंत्रज्ञान'. तारखा ७ ते ११ नोव्हेंबर!

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. सीतादही झालेली, वेचा ऐन भरात, मजुरांची ओढाताण. लांब धाग्याचा हमीभाव त्या साली ३३०० रुपये होता. कोणी म्हणेल, पीक उभे असतानाच पाहुण्यांना शेत दाखवता येते. कबूल. पण पवईत पऱ्हाटी उगवत नाही.

पुन्हा तेच २०२३ साली. आंतरराष्ट्रीय कापूस सल्लागार समितीची बैठक मुंबईतच, २ ते ५ डिसेंबर. आदल्याच आठवड्यात अवकाळीने आमचा फुटलेला कापूस भिजवला होता. त्याच वर्षी दिल्लीत भरडधान्यांची जागतिक परिषद झाली. ज्वारीची थोरवी तिथे गायली गेली, इकडे खरिपाची ज्वारी मोडून लोक सोयाबीन पेरत राहिले.

आम्ही कृषी पदवी घेतलेली माणसे. अशी परिषद कशी उभी राहते, ते आम्हाला ठाऊक आहे. ती मांडवात ठरत नाही. दोन-तीन वर्षे आधी यजमान ठरतो, संयोजन समिती बसते. जागा, तारीख, शुल्क, प्रायोजक, कोणत्या विषयाला किती वेळ, पाहुण्यांनी कोणते शेत पाहायचे, सगळे तिथेच पक्के होते. नंतर उद्घाटनाला दोन फेटेवाले शेतकरी व्यासपीठावर बसवायचे, शाल द्यायची, फोटो काढायचा. त्या शालीसाठी भांडण्यात अर्थ नाही. भांडायचे ते समितीतल्या खुर्चीसाठी.

ही खुर्ची म्हणजे भीक नव्हे. १९२१ साली भारतीय केंद्रीय कापूस समिती झाली आणि १९२३ च्या कायद्याने कापसाच्या गाठींवर उपकर बसला. त्याच पैशातून माटुंग्याची प्रयोगशाळा उभी राहिली. उपकर भरायचे गिरणीवाले आणि निर्यातदार, पण तो कापला जायचा कोणाच्या भावातून? निदान त्या समितीवर कापूस उत्पादकांचे प्रतिनिधी कायद्याने होते. गोऱ्या साहेबाने दिलेली खुर्ची आपल्या राज्यात गेली! ऑस्ट्रेलियात शेतकरी आजही गाठीमागे संशोधनाची पट्टी भरतो, सरकार त्यात भर घालते, आणि तिथे तो मालक म्हणून प्रश्न विचारतो.

खुर्ची नसल्याचे फळ काय? गुजरातच्या चार जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळीला पहिले बीटी पचले, हे बियाणे कंपनीने मार्च २०१० मध्ये मान्य केले. त्यावर इंग्रजीतून निबंध निघाले. २०१७ साली तीच अळी दुसऱ्या पिढीच्या बीटीवर विदर्भभर पसरली, तेव्हा कितीतरी गावांत लोकांना फरदड ठेवू नये, कामगंध सापळे लावावेत, एवढेही कोणी धड सांगितलेले नव्हते. दोष एकट्या शास्त्रज्ञांचा नाही. त्यांच्यातले कितीतरी आमच्या बांधावर येऊन बसलेले आहेत. पण सभागृहातले बोलणे गावापर्यंत नेण्याचे काम कोणाच्याच नावावर लिहिलेले नसते.

तेव्हा बैठकीपुढे ठराव असा: कापसाची यापुढची कोणतीही आंतरराष्ट्रीय परिषद भारतात आली तर ती नागपुरात भरावी. संयोजन समितीत निम्मे नाही तरी एक तृतीयांश उत्पादक असावेत, आणि त्यांत वेचणाऱ्या बाया असाव्यात. शेतकऱ्याला शुल्क नको. मराठी दुभाषा प्रत्येक सभागृहात हवा. एक पूर्ण दिवस कोरडवाहू कापसाचा, कारण महाराष्ट्रातला नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस पावसाच्या भरवशावर आहे. आणि शिवारफेरी ठिबकाच्या नमुना प्लॉटवर नको, मुरमाड रानात काढा. राहण्याची सोय नाही म्हणाल तर पाहुणे आमच्या घरी उतरतील. हजारोंच्या अधिवेशनांना शिदोऱ्या बांधून आलेली माणसे आहोत आम्ही.

ठरावाच्या प्रती पांजरीला, मुंबईला आणि दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेला जातील. प्रत्येक तालुक्याने सह्या उलंगवाडीच्या आत आणाव्यात, आणि समितीवर पाठवायच्या दोन नावांसह आणाव्यात.