गृहीत धरलेल्या बायका

प्रकल्पाची भाषा बायकांना झेपणार नाही, असं म्हणणारे दोन प्रकारचे लोक भेटतात. एक, निधी देणारे साहेब. दुसरे, चळवळीतले आपलेच जुने साथी. त्यांच्या मते असले तक्ते भरणं म्हणजे चळवळ विकणं. मला दोघांचंही पटत नाही.

‘लॉगफ्रेम’ ही काही ब्रह्मविद्या नव्हे. १९६९च्या सुमारास अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेसाठी ती तयार झाली. चार ओळी, चार रकाने. ओळींत दूरचं ध्येय, प्रकल्पाचा हेतू, हाती येणारं फळ आणि प्रत्यक्ष कामं. रकान्यांत काय करणार, झालं हे कशावरून ओळखणार, पुरावा कुठे मिळणार आणि शेवटी गृहीतकं, म्हणजे आपल्या हातात नसलेल्या पण घडाव्याच लागणाऱ्या गोष्टी. बचतगटाचा हिशेब ठेवणारी बाई हे दोन दुपारींत शिकते. आपल्या जिल्ह्यातल्या म्हसवडचंच पाहा. सभासद निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेने महिला बँकेचा पहिला अर्ज नाकारला. बायका अक्षरं शिकून परत गेल्या आणि म्हणाल्या, रक्कम सांगा, व्याज तोंडी काढतो. तुमच्या साहेबांनी यंत्राशिवाय काढून दाखवावं! १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली.

माझं भांडण आहे ते चौथ्या रकान्याशी. भाजीपाल्याचा प्रकल्प असो की पाण्याचा, तिथे हमखास लिहिलेलं असतं, ‘महिला बैठकांना नियमित येतील’, ‘कुटुंबाचा पाठिंबा राहील’. येतील कशा? भाकऱ्या कोण थापणार, तान्हं कोण सांभाळणार, बुडालेला रोज कोण भरून देणार? गृहीतकाला खर्चाचा आकडा नसतो. म्हणजे ज्या श्रमांवर सगळा तक्ता उभा, तेच तक्त्यात फुकट!

गंमत म्हणजे पद्धतीचाच नियम आहे की, गृहीतक महत्त्वाचं असेल आणि आपोआप घडणारं नसेल, तर आराखडा बदला. हे पान प्रशिक्षणात भराभर उलटलं जातं. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या लोकांनी येरळेवर बळीराजा धरण बांधलं, तेव्हा भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा हे आधीच ठरवलं होतं. पाणी आलं की मिळेल त्यांनाही, असं गृहीत धरलं नव्हतं.

मैत्रिणींनो, तक्ता शिका, आणि पेन्सिल आपल्या हातात ठेवा. आमच्या गटाने नव्या अर्जात पाळणाघर आणि बैठकीच्या दिवसाची मजुरी ही दोन्ही ‘कामं’ या ओळीत खर्चासह लिहिली. ‘हे प्रकल्पाबाहेरचं आहे, काढून टाका’ असं पत्र आलं आहे. आम्ही काढलेलं नाही.