बंद केलेली गोळी

लोणार तालुक्यातील बीबीच्या ग्रामीण रुग्णालयात परवा सकाळी रांगेत बसलो असता, माझ्यापुढे बसलेल्या सत्तरीच्या एका शेतकऱ्याचा रक्तदाब सिस्टरांनी मोजला; तो १७० वर १०० भरला. त्यांनी लगेच कागदावर आकडा न टाकता विचारले, "आबा, चहा, तंबाखू कधी झाली?" आबांच्या गालात बार तेव्हाही होताच. तो थुंकून, चूळ भरून, पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, अर्धा तास मुकाट्याने बसल्यावर आणि दंड हृदयाच्या पातळीत टेबलावर ठेवून पुन्हा पट्टा बांधल्यावर आकडा १५८ वर ९६ आला. उतरला खरा, तथापि १४० वर ९० ही मर्यादा त्याने ओलांडलेलीच होती.

"गोळी चालू आहे ना?"

"बंद केली, बाई. दोन महिने झाले. बरं वाटत होतं."

या 'बरं वाटत होतं' मध्येच आमच्या भागातील अर्ध्याअधिक पक्षाघातांचे मूळ असावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. ज्वर अंग तापवितो, दात ठणकतो, विंचू तर क्षणाचीही मुदत देत नाही. परंतु रक्तदाब वर्षानुवर्षे शरीरात वस्ती करून राहतो आणि बहुतेकांच्या बाबतीत आपल्या अस्तित्वाची वर्दी देत नाही. ठिबकच्या नळीत दाब अधिक झाला, तर नळी ओरडत नाही. एके दिवशी जोड सुटतो, आणि तो कोठे सुटला हे चिखल झाल्यावर कळते. मेंदू, हृदय, मूत्रपिंड आणि डोळा यांतील रक्तवाहिन्यांचीही गत अशीच आहे. गोळी हा दाब आटोक्यात धरून ठेवते, मुळासकट उपटून काढीत नाही. म्हणून आकडा ठीक आला म्हणजे गोळीचे काम संपले असे नसून, ती काम करीत आहे याचा तो दाखला होय. अम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीने काहींच्या घोट्यावर सूज येते, हे खरे; ती डॉक्टरांना दाखवावी, औषध बदलून मिळते. आपल्या अखत्यारीत ते बंद मात्र करू नये.

२०१७ साली भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून भंडारा, वर्धा, सातारा व सिंधुदुर्ग हे जिल्हे प्रथम निवडले गेले. ठरावीक औषधांचा क्रम, घराजवळच्या केंद्रात त्यांचा पुरवठा आणि तारखेला न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा, ही त्याची मुख्य सामग्री. आणि माझ्या मते यांतील तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची, कारण औषध लिहून देणारे पुष्कळ भेटतात, ते का थांबविले म्हणून घरी येऊन विचारणारे विरळा.

रक्तदाब वाढविणाऱ्या मिठाशी तर आमच्या तालुक्याचे नावच जोडलेले. लोणारच्या सरोवरातील क्षाराचा उल्लेख अबुल फजलाने 'आईन-ए-अकबरी'त काच आणि साबण यांच्या संदर्भात केला आहे, आणि त्या क्षारावर सरकारी महसूल उभा राहिला. ताटातील मिठाचा हिशेब मात्र आम्ही कधी ठेवला नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चमचाभरही नको, असे सांगते; आणि आमच्याकडे ठेचा, लोणचे, पापड व वर ताटात वेगळी चिमूट. पापडखारातही सोडियम असते, हे पुष्कळांच्या गावीही नसते. वरची चिमूट तेवढी आजपासून बंद करावी. जिभेला काही आठवड्यांत सवय होते.

आबांना महिन्याच्या गोळ्या मिळाल्या. पुढील तारीख सिस्टरांनी पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून दिली. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व औषधोपचार निःशुल्क आहेत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक वाचकाने या आठवड्यात एकदा दंडाला पट्टा बांधून घ्यावा, आणि ज्यांच्या घरात गोळी चालू आहे त्यांनी आज रात्री पाकीट उघडून ती खरोखर कमी होत आहे का, हे पाहावे.