लाल खूण कुणापर्यंत पोचते?



आमच्या केंद्रात कामांची यादी आता वहीत नाही, मोबाइलच्या ॲपमध्ये असते. तातडीच्या कामापुढे लाल खूण, सवडीच्या कामापुढे निळी. मोठ्या कामाखाली त्याची पोटकामे लिहायची. सोय चांगली आहे. पण मागच्या पावसाळ्यात या खुणांवर विसंबून आमची चूक झाली.

सेनगाव तालुक्यातल्या एका बाईचे पोटगीचे प्रकरण होते. अर्जापुढे लाल खूण होती. खाली पोटकामे: वकिलांची भेट, उत्पन्न-मालमत्तेचे शपथपत्र, बँकेतून खातेउतारा. सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली रजनेश विरुद्ध नेहा या निकालात पोटगीच्या प्रकरणांत दोन्ही बाजूंना असे शपथपत्र बंधनकारक केले आहे. खातेउताऱ्यावाचून आमचे शपथपत्र पुरे होईना. पण वरची लाल खूण ॲपने खाली उतरवली नव्हती. खातेउतारा निळाच राहिला. आम्ही रोज सकाळी लाल कामेच पाहायचो. तीन आठवडे गेले. तेवढे दिवस ती बाई दोन लेकरांना घेऊन भावाच्या ओसरीवर होती.

ही अडचण मोठ्या शास्त्रज्ञांनाही आली आहे. जुलै 1997 मध्ये नासाचे पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. काही दिवसांनी त्याचा संगणक पुन्हा पुन्हा बंद पडून नव्याने सुरू होऊ लागला. वरच्या दर्जाचे एक काम हवामानाच्या नोंदींच्या एका कमी दर्जाच्या कामापाशी अडले होते, आणि मधल्या दर्जाची कामे त्या बिचाऱ्याला पुढे सरकू देत नव्हती. उपाय साधा होता: जे काम अडवते आहे, त्याला तेवढ्यापुरता वरच्या कामाचा दर्जा द्यायचा. ही सोय यंत्रणेत होतीच, पण बंद होती. ती पृथ्वीवरून चालू केली गेली. टास्कवॉरियर या कामांच्या यादीच्या मोफत प्रणालीतही अशी सोय आहे. तीही आपणच चालू करावी लागते.

मग सगळ्याच पोटकामांना लाल खूण द्यावी का? आम्ही तेही करून पाहिले. आठवड्याभरात यादी लालभडक झाली आणि लाल रंगाला काही अर्थच उरला नाही. म्हणून खूण उतरावी ती फक्त अडवणाऱ्या कामावर, आणि अडथळा सुटेपर्यंतच.

हे समजून घेताना मला आपली घरे आठवली. नवऱ्याला सकाळी सातची एसटी गाठायची असते, तेव्हा त्याची घाई पाण्याला, डब्याला, इस्त्रीला आपोआप लागते. कुणाला सांगावे लागत नाही. पण तिची कोर्टाची तारीख असते, तेव्हा तिची घाई घरातल्या कुणाच्या कामाला लागते? भाकरी तिनेच थापायच्या, लेकराची सोय तिनेच लावायची. उशीर झाला की ‘बाई हजर नाही’. म्हणजे महत्त्व वरून खाली उतरवण्याची रीत घराला चांगली ठाऊक आहे. फक्त ती पुरुषाच्या कामापासून बाईच्या हातांपर्यंतच चालते.

आणि आपल्या संघटना? मोर्चा, निवेदन, पत्रकार परिषद ही आपली लाल कामे. झेरॉक्स काढणे, बँकेत रांग लावणे, बाईला फोन करून तारखेची आठवण देणे ही निळी. ती बहुधा सर्वांत नव्या, सर्वांत कमी मानधनाच्या कार्यकर्तीकडे जातात. तिच्या कामावाचून सगळे अडते, तरी बैठकीत तिचा विषय शेवटी येतो किंवा राहूनच जातो.

आम्ही आता दोन गोष्टी ठरवल्या आहेत. सोमवारच्या बैठकीत प्रत्येक लाल कामाबद्दल विचारायचे, ‘हे कशापाशी अडले आहे?’ जे अडवते त्याला लाल खूण द्यायची, आणि ते काम नवीन मुलीवर न टाकता जबाबदार कार्यकर्तीनेही उचलायचे. दुसरे, तारखेच्या आठवडाभर आधी बाईच्या घरी किंवा बचत गटात बसून विचारायचे: त्या दिवशी भाकरी कोण करणार, लेकरू कोण सांभाळणार? ही उत्तरेही अर्जाखाली पोटकामे म्हणून लिहायची, लाल खुणेसह.

ॲप हे आपणहून करणार नाही. घरही करणार नाही. तुमच्या गटात ही खूण कुणापर्यंत पोचते, जरूर लिहून कळवा.