भाड्याच्या कॅमेऱ्यासोबत चार्टची क्लिप हवीच

लग्नसराई तोंडावर आली आहे आणि यंदा वाचकांच्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते आहे. एकाच रेंटलमधून एकाच मॉडेलच्या तीन बॉड्या आणल्या, तिन्हींवर ५६०० केल्विन लावले, आणि टाइमलाइनवर नवरीचा शालू तीन रंगांचा निघाला. एका कॅमेऱ्यात चेहरे हिरवट, दुसऱ्यात गुलाबी. घरच्यांनी शेवटचा हप्ता अडवला. रेंटलवाल्याचे उत्तर ठरलेले: "एडिटिंगमध्ये जुळवून घ्या."

हे उत्तर आपण यापुढे ऐकून घेता कामा नये. आपली बहुतेक लग्नाची कामे आजही ८ बिट, ४:२:० मध्ये होतात. प्रत्येक चॅनेलला २५६ पायऱ्या, आणि रंगाचे नमुने प्रकाशमानाच्या एक चतुर्थांश. एवढ्याशा माहितीत हिरवट झाक ओढून काढायला गेलात की सावलीत पट्टे उमटतात. लाल चॅनेल क्लिप झाला असेल तर शालूचा पोत गेलाच. कोणतेही ग्रेडिंग तो परत आणत नाही. एडिटरच्या रात्री जातात, कॅमेरामनचे पैसे जातात, आणि ज्याच्या दुकानात हे बिघडले त्याचे भाडे मात्र आगाऊ जमा झालेले असते.

बॉडी परत आली की रेंटलमध्ये काय होते ते आपण सगळे पाहतो. कार्ड रिकामे करतात, बॅटरी चार्जिंगला लावतात, बॅग पुढच्या माणसाच्या हातात देतात. आधीच्या कॅमेरामनने मॅट्रिक्स, नी, ब्लॅक गॅमा बदलून ठेवलेली सीन फाइल तशीच राहते. पेंट मेनू उघडून पाहणारा माणूस दुकानात नसतो. बी४ माउंटच्या झूमचा बॅक फोकस सरकलेला असतो. टेलीवर डोळे धारदार आणि वाइडवर अख्खा मंडप मऊ. सीमेन्स स्टार लावायचा, आयरिस पूर्ण उघडायची, टेलीवर फोकस घ्यायचा, वाइडवर एफबी रिंग फिरवायची, पुन्हा टेलीवर खात्री करायची. पाच-दहा मिनिटांचे काम आहे. तेवढे करत नसाल तर भाडे कशाचे घेता?

लेन्सचा मुद्दा तर दोन्ही बाजूंनी दुर्लक्षित आहे. दोन कंपन्यांच्या लेन्सची कोटिंग वेगळी, म्हणून झाक वेगळी. जुन्या काचेत फ्लेअर जास्त, त्यामुळे काळा वर उचलला जातो आणि रंग फिके पडतात. त्यावर स्वस्तातला व्हेरिएबल एनडी चढवला की झाक आणखी सरकते. म्हणून जुळणी नुसत्या बॉड्यांची करून उपयोग नाही. जी लेन्स आणि जो फिल्टर लग्नात लागणार, तो लावूनच चार्ट घ्यायला हवा.

आता आपल्याच मंडळींविषयी. ए४ कागदावर, रुमालावर, नवरदेवाच्या शेरवानीवर व्हाइट बॅलन्स घेणे अजून चालू आहे. कागदात आणि धुतलेल्या कपड्यात चमक आणणारी द्रव्ये असतात. अतिनील किरण असलेल्या उजेडात ती निळी चमकतात, कॅमेरा तो निळा वजा करतो आणि चेहरे पिवळे पडतात. हे माहीत असूनही ग्रे कार्ड न बाळगणाऱ्यांना रेंटलवाल्यांशी भांडण्याचा अधिकार उरत नाही. २४ चौकोनांचा चार्ट ज्यांच्याकडे आहे, त्यांतले काही तो गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवतात. उडालेल्या रंगांचा चार्ट नसलेलाच बरा. नोव्हेंबर २०१४ नंतर बनलेल्या कलरचेकरची मूल्येही जुन्यापेक्षा वेगळी आहेत. सॉफ्टवेअरमध्ये योग्य आवृत्ती निवडली नाही तर जुळणीच चुकीच्या आकड्यांवर होते.

डेकोरेटरच्या एलईडीवरचा 'सीआरआय ९०' हा शिक्काही पुरेसा समजू नका. ती आठ फिक्या नमुन्यांची सरासरी आहे. गडद लाल, म्हणजे आर९, तीत धरलेलाच नाही. कुंकू आणि शालू ज्या कामात सर्वांत महत्त्वाचे, तिथे आर९ विचारा. टीएलसीआय सांगणारा मिळाला तर उत्तम.

या हंगामात एवढे करा. भाडे देण्याआधी दुकानातच सर्व बॉड्या शेजारी ठेवा. सीन फाइल मूळ स्थितीवर आणा, गेन सारखा ठेवा, कॅमेरे तापल्यावर ब्लॅक बॅलन्स घ्या. एकाच दिव्याखाली, एकाच ग्रे कार्डवर व्हाइट घ्या. आरजीबी परेडवर राखाडी पायऱ्यांचे तिन्ही रंग एका पातळीत आणि व्हेक्टरस्कोपवर त्या केंद्राशी आल्या, तरच बॉडी उचला. प्रत्येकीवर चार्टची दहा सेकंदांची क्लिप घ्या. मंडपातले दिवे लागल्यावर ती पुन्हा घ्या, विधी सुरू होण्याआधी. दुकानदार नाही म्हणाला तर उठून या. तालुक्याच्या संघटनेने एकत्र ठरवले तर दुसऱ्या दिवशी तोच चार्ट विकत आणेल.

जे रेंटल मालक प्रत्येक बॉडीसोबत तारखेची चार्ट क्लिप देतील, त्यांची नावे पुढील अंकापासून आम्ही विनामूल्य छापू. क्लिप पाठवताना बॉडी, लेन्स, फिल्टर, आयरिस आणि दिव्याचे केल्विन लिहा. त्याशिवाय आलेली क्लिप आम्ही पाहणार नाही.